तिकिटाएवढा देश

‘लिश्टेनस्टाइन’ हे नाव एका दमात, न अडखळता म्हणून दाखवा बघू. जमलं? मग तुम्ही माझ्यापेक्षा हुशार! मला ते नीट म्हणता यायला लागलं तेव्हा आम्ही त्या देशात शिरून अर्धा तास झाला होता. कुठेही न थांबता गाडी हाणली असती, तर तेवढ्या वेळात आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचलो असतो.

खरंच एवढुसा आहे तो. एका बाजूला स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया आणि मधल्या फटीत हा. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण एक तृतीयांश. उत्तर-दक्षिण लांबी २५ किलोमीटरच्या आसपास. लोकसंख्या ४० हजारांच्या घरात. ऐन गर्दीच्या वेळच्या आठ-दहा विरार लोकल भरल्या की अख्खा देश बसला. (म्हणजे उभा राहिला.) विमानतळ नाही. समुद्र नाही, आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही समुद्र नाही! असा दुप्पट कोंडलेला देश जगात आणखी एकच, उझबेकिस्तान.

आता खरं सांगते. मी तिथे काही देश बघायला गेले नव्हते. मी गेले होते एक पोस्टकार्ड टाकायला.

माझे बाबा पोस्टात होते. सांगलीला, काउंटरवर, ३४ वर्षं. आमच्याकडे रंगीत टीव्ही यायच्या आधीपासून तिकिटांचा अल्बम आहे. रविवारी दुपारची जेवणं झाली की बाबा चिमटा आणि भिंग घेऊन बसायचे. तिकिटाला बोट लावायचं नाही, हा नियम. मला तो अल्बम भयंकर बोअर व्हायचा, पण ‘एल’च्या पानावरचं एक तिकीट आवडायचं. डोंगरावर किल्ला, आणि किल्ल्यापेक्षा लांब देशाचं नाव. “एवढासा देश आहे,” बाबा सांगायचे, “पण तिकीट बघ कसं छापलंय.” मला कित्येक वर्षं वाटायचं की लिश्टेनस्टाइन हे एखाद्या किल्ल्याचंच नाव असणार.

तर गेल्या फेब्रुवारीत मी नोकरी सोडली. पर्मनंट, पीएफवाली, दिवाळीला बोनसवाली. फ्रीलान्सिंग करणार म्हटल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला. “म्हणजे रोज सही कुठे करायची?”

“कुठेच नाही, बाबा.”

संपलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पण त्या दिवसानंतर मी घरी फोन केला की बाबा उचलायचे, “हं. धर, आईशी बोल,” म्हणायचे आणि फोन आईच्या हातात. चार महिने हेच. तुमच्यापैकी ज्यांनी कधी चांगली नोकरी सोडून ‘काहीतरी वेगळं’ करायला घेतलंय, त्यांना या ‘धर, आईशी बोल’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग जूनमध्ये झुरिकला जायचं ठरलं. माझी हॉस्टेलची रूममेट तिकडे आयटीत आहे. पुण्यात होतो तेव्हापासून मी तिला रूमीच म्हणते. तिनं ‘सोफा फुकट, ये’ असा मेसेज टाकला, मी साठवलेले पैसे मोडले. आईला फोनवर सांगत होते तेवढ्यात मागून आवाज आला, “तिला म्हणावं, तिथून लिश्टेनस्टाइन जवळ आहे. जमलं तर एक कार्ड टाक म्हणावं. तिथलंच तिकीट, तिथलाच शिक्का.”

चार महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. तेही आईमार्फत.

शनिवारी सकाळी रूमीच्या सेकंडहँड गाडीतून निघालो. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. हे फक्त प्रेमापोटी नव्हतं हं! एक स्विस फ्रँक आता शंभर रुपयांच्या वर गेलाय आणि या भागात साधी कॉफीसुद्धा पाचेक फ्रँक खाते. झुरिकहून अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. तळ्याकाठचा हायवे, मग वालेनझे नावाचं दुसरं तळं, त्याच्या पलीकडे सरळ भिंतीसारखे उभे डोंगर. फोटो काढायला काच खाली घेतली तर रूमी ओरडली, “अगं, बोगदा आलाय!” तेवढ्या रस्त्यात इतके बोगदे आहेत की मी नंतर मोजायचं सोडलं. एक टीप लगे हाथ देऊन टाकते. स्विस हायवेवर ४० फ्रँकचा वर्षाचा पास लागतो. लिश्टेनस्टाइनमध्ये त्याची गरजच नाही. देशात हायवेच नाहीये.

सार्गान्सला वळलो आणि ऱ्हाइन नदीच्या पुलावर आलो. मी पासपोर्ट मांडीवर उघडून तयार. व्हिसाचं पान, हॉटेलऐवजी रूमीचं पत्र, सगळं. पूल संपला. एक बोर्ड गेला. मग घरं सुरू झाली, कुंपणावर गुलाब.

“कधी येणार बॉर्डर?”

“गेली की!”

स्वित्झर्लंडशी यांचा कस्टम्सचा करार झाला १९२३ साली, तेव्हापासून या बाजूला कोणी अडवत नाही. चलनही स्विस फ्रँकच. २०११ पासून हा देश शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आपल्याला वेगळा व्हिसा लागत नाही. ऑस्ट्रियाच्या बाजूला मात्र कस्टम्सची चौकी आहे. ही सीमा इतकी पुसट आहे, की मार्च २००७ मध्ये स्विस सैन्याची एक तुकडी रात्रीच्या सरावात रस्ता चुकून आत शिरली. सुमारे १७० बंदूकधारी जवान! काही वेळानं त्यांच्या लक्षात आलं, परत गेले. लिश्टेनस्टाइनला कळलंच नव्हतं. स्वित्झर्लंडनंच नंतर सांगून माफी मागितली. प्रतिकार करायचा प्रश्नच नव्हता म्हणा. या देशानं १८६८ साली स्वतःचं सैन्य मोडीत काढलं, ते कायमचंच. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचे ८० सैनिक मोहिमेवर गेले आणि परत आले ८१, वाटेत एक मित्र मिळाला म्हणून, अशी गोष्ट तिथे मोठ्या चवीनं सांगतात. मला ती इतकी आवडलीय की खरीखोटी करायची इच्छाच नाही.

पहिलं गाव बाल्झर्स. गावाच्या मधोमध टेकाड, टेकाडावर गुटेनबर्ग किल्ला, उतारावर द्राक्षांचे मळे. पाच मिनिटं थांबलो, दशमी खाल्ली, पुढे. ट्रीझेन मागे पडलं आणि वाडुत्स आलं. राजधानी! सहाएक हजार वस्तीची. मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. त्या एका रस्त्यावर काळाकुळकुळीत चौकोनी ठोकळा म्हणजे कला संग्रहालय, थोडं पुढे विटांचं, उंच उतरत्या छपराचं संसद भवन. खासदार २५. आमच्या सोसायटीच्या एजीएमला याच्यापेक्षा जास्त माणसं येतात आणि नक्कीच जास्त भांडतात.

मान वर केली आणि मी थबकले. डोंगराच्या कडेवर तोच किल्ला. ‘एल’च्या पानावरचा.

आत जाता येत नाही. तिथे राजघराणं राहतं, खरंखुरं. आणि या घराण्याची गोष्ट आपल्या फ्लॅट शोधणाऱ्या मंडळींना पटकन कळेल अशी आहे. लिश्टेनस्टाइन हे आधी आडनाव, मग देश. व्हिएन्नातलं हे बडं श्रीमंत घराणं. पण त्यांच्याकडे थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन नव्हती आणि ती नसेल तर साम्राज्याच्या सभेत मानाची जागा नाही. मग त्यांनी १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये वाडुत्स असे दोन अडचणीतले मुलूख विकत घेतले. १७१९ मध्ये सम्राटानं दोन्ही जोडून त्यांना घराण्याचं नाव दिलं. थोडक्यात, ॲड्रेस प्रूफसाठी घेतलेला फ्लॅट! कारण नंतर शंभरहून जास्त वर्षं एकही राजा इकडे फिरकला नाही. पहिला आला तो १८४२ मध्ये, आणि राहायला यायला १९३८ साल उजाडलं.

आजचा राजा नुसता शोभेचा नाही. संसदेनं केलेला कायदा तो अडवू शकतो. २०१२ मध्ये हा नकाराधिकार कमी करावा का, असं लोकांना विचारलं, तर ७६ टक्के लोकांनी ‘नको, असू दे’ म्हणून सांगितलं. याच लोकांनी, म्हणजे इथल्या पुरुषांनी, बायकांना मताचा अधिकार दिला १९८४ मध्ये. छापायची चूक नाही, एकोणीसशे चौऱ्याऐंशीच! तोही त्याआधी नकार देऊन झाल्यावर आणि जेमतेम ५१ टक्क्यांनी. आपल्याकडे तोवर इंदिराबाई पंतप्रधान होऊन गेल्या, हरल्या, पुन्हा निवडून आल्या. इथे पहिली महिला पंतप्रधान झाली एप्रिल २०२५ मध्ये, ब्रिगिटे हास. ही सगळी चकाचक शांतता बघून भारावून जायच्या बेतात होते, या तारखेनं जमिनीवर आणलं. आणि हो, त्यांचा राष्ट्रीय दिन १५ ऑगस्ट. त्या दिवशी संध्याकाळी किल्ल्याखाली फटाक्यांची आतषबाजी असते.

टुरिस्ट सेंटरमध्ये काही फ्रँक देऊन पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मारून मिळतो. लोक रांग लावतात. मी नाही मारून घेतला. पासपोर्ट सरकारी कागद आहे, त्यावर हौसेमौजेचे शिक्के नसतात, हा बाबांचा संस्कार. मी आपला डायरीत मारून घेतला. माझ्या मागच्या काकूंना ती आयडिया इतकी पटली की त्यांनीही पर्समधून पॉकेट डायरी काढली.

मग पोस्टाचं म्युझियम. छोटंसं, पण बाबा असते तर संध्याकाळपर्यंत बाहेर आले नसते. या देशाचं पहिलं तिकीट १९१२ चं. पुढे तिकिटं हा चक्क कमाईचा धंदा झाला. गरीब शेतकरी देश, विकायला फारसं काही नाही, मग सुंदर तिकिटं छापायची आणि जगभरच्या वेड्यांना विकायची. विसाव्या शतकात सरकारी तिजोरीत या तिकिटांचा चांगला हिस्सा असायचा. म्हणजे सांगलीत बसून बाबांनीही या देशाला थोडाफार हातभार लावलाय. गंमत बघा. पैसा स्वित्झर्लंडचा. रेल्वे ऑस्ट्रियाची. फुटबॉलचा क्लब खेळतो स्विस लीगमध्ये. राष्ट्रगीताची चाल ब्रिटिशांच्या राष्ट्रगीताची. झेंडासुद्धा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैतीच्या झेंड्यासारखाच निघाला, म्हणून पुढच्या वर्षी त्यावर मुकुट चढवला. पण तिकीट मात्र स्वतःचं! स्विस तिकीट इथे चालत नाही आणि इथलं तिकीट नदीपलीकडे चालत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

किल्ल्याचं चित्र असलेलं कार्ड घेतलं, तिकीट घेतलं, चिकटवलं, बाकावर बसून लिहायला घेतलं. ‘ती. बाबांस सा. न.’ आणि पुढे गाडी अडली. आठवड्याला हजार-दीड हजार शब्द पाडणारी मी, पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूसाठी शब्द सापडेनात. ‘तुम्ही म्हणालात तसं, इथलंच तिकीट’ एवढं लिहिलं. बाकी वर डोंगरात सुचेल म्हणून कार्ड बॅगेत टाकलं.

डोंगरात काहीही सुचलं नाही. कारण तिथे जेवायला मिळालं. वाडुत्सहून ट्रीझेनबर्गचा घाट चढतो, प्रत्येक वळणावर खालची ऱ्हाइनची दरी आणखी सपाट, आणखी खेळण्यातली. हे गाव वसवलं वाल्झर लोकांनी, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. त्यांची बोली अजून खालच्या गावांपेक्षा वेगळी आहे. पुढे एक बोगदा आणि पलीकडे एकदम दुसरंच जग. गवत, गाई, गळ्यातल्या घंटा. रस्ता संपतो माल्बुनला, १६०० मीटरवर. हिवाळ्यात इथे स्कीइंग. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हान्नी वेन्झेल या देशाच्या मुलीनं स्कीइंगची दोन सुवर्णपदकं मिळवली. तेव्हा तिला मताचा अधिकार नव्हता. (सॉरी, पण हे डोक्यातून जात नाही.)

आम्ही केसक्नोप्फले मागवलं. मैदा-अंड्याच्या पिठाचे बोराएवढे गोळे, भरपूर चीज, वर कुरकुरीत तळलेला कांदा, आणि सोबत वाटीत सफरचंदाचा गोड गर. पहिल्या घासाला विचित्र लागतं. पाचव्या घासाला वाटतं, कांदाभजी आणि मुरांबा एकत्र खायचं आपल्याला आधी का सुचलं नाही? मी झोपाळले, रूमीनं ऊन खाल्लं, कार्ड बॅगेतच.

उतरताना शान लागलं. मुंबईत बांधकामावर लाल रंगाची ‘हिल्टी’ ड्रिल मशीन बघितली असेल ना? ती कंपनी इथली, १९४१ पासून. खोट्या दातांचं साहित्य जगभर पुरवणारी मोठी कंपनीही याच गावात. आज या देशात रहिवाशांपेक्षा नोकऱ्या जास्त आहेत! निम्म्याहून जास्त कर्मचारी सकाळी सीमेपलीकडून येतात आणि संध्याकाळी परत जातात. कारण इथे काम मिळणं सोपं, घर करून राहायची परवानगी महाकठीण. युरोपातल्या लोकांसाठीसुद्धा त्यातल्या काही परवानग्या चक्क लॉटरी काढून देतात. रूमीच्या ऑफिसातला एकजण आधी रोज ऑस्ट्रियातून इथे यायचा. तिसऱ्या लॉटरीनंतर त्यानं नाद सोडला. आपला वसई-चर्चगेटवाला परदेशात काही एकटा नाही.

शान सोडलं, बेंडर्न नावाचं गाव आलं नि गेलं, ऱ्हाइनचा पूल ओलांडून पुन्हा स्वित्झर्लंड. हागच्या पेट्रोल पंपावर रूमी म्हणाली, “पाणी घे गं.” मी पाकीट काढायला बॅगेत हात घातला आणि हाताला कार्ड लागलं.

“टाक ना इथेच पेटीत,” रूमी म्हणाली. “पोस्ट ते पोस्ट. काय फरक पडतो?”

“इथलं तिकीट नाहीये ते.”

“मग स्विस तिकीट लाव वरून. अगं, सहा वाजत आलेत, मला उद्या ऑन-कॉल आहे. एका तिकिटासाठी मागे?”

मी तिला तोवर काही सांगितलं नव्हतं. नोकरी सोडल्याचं माहीत होतं, पण ‘धर, आईशी बोल’ माहीत नव्हतं. ते पंपावर, हवा भरायच्या मशीनशेजारी उभं राहून सांगितलं. सांगताना आवाज जरा चिरकला, त्याला इलाज नव्हता. रूमीनं सगळं ऐकलं. मग गाडीची किल्ली फिरवत म्हणाली, “तुझे बाबा पण ना... बस गाडीत.”

पूल. बोर्ड. पुन्हा लिश्टेनस्टाइन. एका दिवसात दोनदा परदेश प्रवेश, मध्ये पाच मिनिटं!

बेंडर्नला चर्च असलेली एक टेकडी आहे. १६९९ मध्ये याच टेकडीवर आसपासच्या लोकांनी त्या नव्या, व्हिएन्नातल्या मालकाला निष्ठेची शपथ दिली. देशाची सुरुवात म्हणाल तर इथे. आम्ही चर्चच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. खाली मक्याची शेतं, पलीकडे स्विस डोंगर. रूमीनं पाठ पुढे केली, “लिही. माझ्या पाठीवर ठेवून लिही.” या वेळी लिहिलं. शोभिवंत काही नाही. ‘मे महिन्यात तीन लेख छापून आले. दोनचे पैसे आले, एकाचे यायचेत. भाडं वेळेवर दिलं. रोज सकाळी नऊला बसते. सही करत नाही, पण बसते.’ जागा संपली.

गावात पेटी शोधून कार्ड टाकलं. रूमीनं त्या पेटीचा फोटो काढला, पुरावा म्हणून.

एकोणीस दिवसांनी सकाळी घरून फोन आला. घरून म्हणजे नेहमी आईच. मी आपली ‘हं आई, बोल’ म्हणून सुरू झाले.

“कार्ड आलं,” बाबा म्हणाले.

“हो? छान.”

“शिक्का पुसट आलाय. भिंगाखाली धरलं. तारीख लागते, गाव लागत नाही.”

“बेंडर्नला टाकलं, बाबा.”

“स्पेलिंग सांग.”

मी सांगितलं. पलीकडून पेन्सिल चालल्याचा आवाज. मग जरा खोकले.

“ते तिसऱ्या लेखाचे पैसे आले का?”

“नाही अजून.”

“तोंडी विचारत बसू नकोस,” बाबा म्हणाले. “लेखी माग. आणि पोच घे.”